साठ जणांचा वर्ग आणि हवेची यंत्रं: कशावर पैसे घालावेत, कशावर नाही

महाविद्यालयात "वर्गातल्या हवेचं काहीतरी करा" असा ठराव झाला की कोटेशन बहुधा एकाच गोष्टीचं येतं: दोन टनांचे दोन स्प्लिट एसी. मग खिडक्यांना स्लायडिंग बसतं, फटी सिलिकॉनने बुजतात, पडदे लागतात, आणि दुपारच्या दुसऱ्या तासाला अर्धा वर्ग पेंगायला लागतो. खापर फुटतं डब्यातल्या भातावर. खोली थंड असते, पण हवा मघाचीच असते. बाजारात या कामासाठी मिळणाऱ्या वस्तूंचं हे परीक्षण आहे: मीटर, एक्झॉस्ट, पंखे, कूलर, एसी आणि ताज्या हवेचं युनिट. कसोटी सगळ्यांना एकच. भरलेल्या वर्गात, दारं लावून तास चालू असताना, हे यंत्र नेमकं काय करतं?

मापासाठी एक वर्ग धरू. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषांत अभियांत्रिकीच्या वर्गाला ६६ चौरस मीटर चटई क्षेत्र आहे. छत ३.३ मीटर उंच धरलं तर २१८ घनमीटर हवा. बसून ऐकणारा, लिहून घेणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. साठ जणांचे झाले १,०८० लिटर. दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या असतील तर दर दहा मिनिटांना आठशे पीपीएमची, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत आठशे भागांची, भर पडते. बाहेरच्या हवेत ४२० ते ४३० पीपीएम असतो. वर्गात फटींतून थोडी हवा येत राहिली तरी तासाच्या शेवटी आकडा ४,००० च्या पुढे जातो. एवढ्या प्रमाणात हा वायू विष नव्हे. कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादाच ५,००० पीपीएम आहे. पण तो खूण म्हणून उपयोगी आहे: आकडा जितका वर, तितकी आपण एकमेकांची सोडलेली हवा पुन्हा पुन्हा घेतो आहोत. तिच्यासोबत घामाचा दमटपणा, वास आणि सर्दीचे विषाणूही आलेच.

कोटेशनमध्ये हमखास एक वाक्य असतं: "ॲशरेप्रमाणे १,००० पीपीएमच्या आत." ॲशरे ही अमेरिकेतली वातानुकूलन अभियंत्यांची संस्था. तिच्या ६२.१ या मानकात अशी मर्यादा नाही. त्यात वर्गासाठी माणशी सेकंदाला ३.८ लिटर आणि दर चौरस मीटरला ०.३ लिटर बाहेरची हवा सांगितली आहे. आपल्या वर्गाला हे लावलं तर सेकंदाला २४८ लिटर, म्हणजे तासाला सुमारे ८९० घनमीटर, किंवा विक्रेत्यांच्या बोलीत ५२५ सीएफएम (मिनिटाला घनफूट). एवढी हवा दिल्यावर आकडा स्थिरावतो १,६०० च्या आसपास. हजाराचा आकडा त्याहून कितीतरी जुना आहे. म्युनिकच्या पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने तो १८५८ मध्ये मांडला होता. हजाराच्या आत खरंच राहायचं असेल तर तासाला १,८५० घनमीटर हवा लागते, म्हणजे मानकाच्या किमान हवेच्या दुप्पट. विक्रेत्याने दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिल्या असतील तर त्याने गणित केलेलं नाही. या परीक्षणात आम्ही हजार ते बाराशे हा पल्ला धरला आहे.

आधी मीटर घ्या

पहिली खरेदी मीटरची. साध्या गणितातून जे दिसतं ते प्राचार्यांना आणि खरेदी समितीला पटत नाही. भिंतीवरचा लाल आकडा लगेच पटतो.

मीटर घेताना डबीवर "एनडीआयआर" लिहिलंय का ते बघा. या प्रकारात आतल्या नळीतून अवरक्त प्रकाश जातो, ४.२६ मायक्रॉन तरंगलांबीचा भाग कार्बन डायऑक्साइड शोषतो, आणि किती शोषला गेला त्यावरून प्रमाण कळतं. सेन्सिरिऑन कंपनीच्या छोट्या सेन्सरमध्ये तेच शोषण आवाजाच्या लहरींतून मोजतात, तेही चालतं. टाळायचं ते "ईसीओटू" दाखवणारं स्वस्त यंत्र. त्यात धातूच्या ऑक्साइडचा सेन्सर असतो. तो कसल्याही बाष्पाला भुलतो आणि त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधतो. ओळखायला सोपं आहे. हातावर सॅनिटायझर चोळून हात मीटरजवळ न्या. आकडा झपकन दोन-तीन हजारांवर उडाला तर ते यंत्र परत करा. खऱ्या मीटरला अल्कोहोलचं सोयरसुतक नसतं. त्याच्यावर फुंकर मारली की मात्र तो चढतो.

लॅटव्हियाचं अरानेट-४ हे या प्रकारातलं चोख यंत्र. दोन पेन्सिल सेलवर महिनोन् महिने चालतं, पडदा ई-इंकचा आहे, हिरवा-पिवळा-लाल रंग १,००० आणि १,४०० वर बदलतो, आणि नोंदी मोबाइलवर उतरतात. आयात असल्याने महाग पडतं. दर वर्गाला एक घ्यायची गरज नाही. विभागाला एक घेऊन फिरतं ठेवावं, आणि वर्गांच्या भिंतींवर सेन्सएअर किंवा विन्सन कंपनीचा सेन्सर असलेली स्वस्त यंत्रं लावावीत.

स्वस्त यंत्रांत एक खोच असते, ती माहिती पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सापडते. हे सेन्सर स्वतःच स्वतःला जुळवून घेतात: गेल्या काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, म्हणजे ४००, असं समजून. वर्ग रविवारी रिकामा राहतो, त्यामुळे तिथे हे जमून जातं. रात्रंदिवस चालणाऱ्या अभ्यासिकेत किंवा वसतिगृहात जमत नाही. तिथली खोली कधीच पूर्ण निवत नाही, त्यामुळे मीटर हळूहळू खोटं बोलू लागतो आणि ७५० च्या जागी ४०० दाखवतो. विन्सनच्या एमएच-झेड-१९ मध्ये तर हे जुळवणं दर २४ तासांनी होतं. अशा ठिकाणी ही सोय बंद करून ठेवावी आणि सहा महिन्यांनी मीटर गच्चीवर नेऊन हाताने जुळवावा. गच्चीवर नेल्यावर मीटर ठेवून बाजूला व्हायचं. त्यावर वाकून बघत उभं राहिलात तर तुमचाच श्वास मोजला जातो.

लावायची जागा: बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला, जमिनीपासून १.१ ते १.२ मीटर. खिडकीत नको, एसीच्या झोतात नको, शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या तोंडापासून मीटरभर लांब.

याच मीटरवर वर्गाची हवा तासाला किती वेळा बदलते हेही काढता येतं, आणि ही चाचणी कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा खरी. तास संपला, मुलं बाहेर गेली, त्या क्षणाचा आकडा लिहा. पंखे, एक्झॉस्ट जसे होते तसेच चालू ठेवा. वीस मिनिटांनी पुन्हा लिहा. समजा १,८०० वरून ९०० झाला. दोन्हींतून बाहेरचे ४२० वजा करा: १,३८० आणि ४८०. त्यांचा भागाकार २.८७५, त्याचा नैसर्गिक लॉग १.०५६, भागिले एक तृतीयांश तास. उत्तर ३.२. म्हणजे तासाला तीनदा हवा बदलते. आपल्या वर्गाला बाराशेच्या आत राहायचं तर साडेसहा ते सातदा बदलायला हवी.

खिडकी हीसुद्धा वस्तूच

खिडकी कुणी यंत्रात धरत नाही, पण खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त हवा तीच देते. दोन पट्ट्यांची स्लायडिंग खिडकी कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते. तीन पट्ट्यांची दोन तृतीयांश उघडते. बिजागरीची जुनी लाकडी खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते, म्हणून नूतनीकरणात ती काढून स्लायडिंग बसवणं म्हणजे वर्गाचा निम्मा श्वास विकत घेऊन फेकून देणं. त्यावर डासांची जाळी आली की उरलेल्यातलाही मोठा हिस्सा गेला, आणि जाळी धुळीने भरली असेल तर विचारूच नका. वर्षातून दोनदा ब्रश आणि साबणाचं पाणी, एवढंच त्याला लागतं. ते कुणाच्या कामाच्या यादीत नसतं, म्हणून होत नाही.

दगडी इमारतींत दारावर, छताच्या जवळ, झरोके असायचे. गरम हवा वर जाऊन तिथून व्हरांड्यात निघून जाई. फॉल्स सीलिंग टाकताना हेच झरोके आधी बुजवले जातात. इमारत जुनी असेल तर कुठलीही खरेदी करण्याआधी फॉल्स सीलिंगच्या वर टॉर्च मारून बघा. बंद केलेला झरोका उघडायला एक गवंडी आणि एक दिवस पुरतो.

पावसाळा ही खिडकीची खरी परीक्षा. कोकणात आणि मुंबईत नैऋत्येचा पाऊस आडवा येतो. पश्चिमेच्या खिडक्या जून ते सप्टेंबर बंदच राहतात, आणि हवा तर तिकडूनच येणार असते. काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी किंवा वरून बिजागरी असलेलं, खाली बाहेर ढकलायचं तावदान इथे कामाला येतं. दोन्ही पावसातही चार-सहा इंच उघडी ठेवता येतात. नवीन बांधकामात आम्ही वरच्या एक तृतीयांश भागाला हीच तावदानं सुचवू.

एक्झॉस्ट: स्वस्त, खरा, आणि नेहमी चुकीच्या जागी

पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर अशा ठिकाणी वर्षाचे आठ महिने बाहेरची हवा बरी असते. तिथे आमचं पहिलं यंत्र एक्झॉस्ट. पण स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा सहा-आठ इंची नव्हे. त्याला वाऱ्याचा थोडा दाब आला की तो नुसता फिरत राहतो. लागतो तो लोखंडी चौकटीचा हेवी ड्यूटी, आयएस २३१२ या भारतीय मानकाचा. आल्मोनार्ड, क्रॉम्प्टन, हॅवेल्स, उषा हे सगळे तो बनवतात.

बारा इंची पंखा दोन वेगांत मिळतो, ९०० आणि १,४०० आरपीएम. दुकानदार १,४०० चा देतो, कारण आकडा मोठा. वर्गासाठी ९०० चाच घ्या. वेग तेवढा कमी झाला की हवा एक तृतीयांशाने घटते, पण आवाज नऊ-दहा डेसिबलने उतरतो. शिकवणाऱ्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायला तो खोलीतल्या आवाजाहून पंधरा डेसिबल तरी वर लागतो. अमेरिकेचं एस-१२.६० हे मानक रिकाम्या वर्गात ३५ डेसिबल मागतं. आपल्या रस्त्यांच्या कडेला तो हट्ट चालणार नाही, पण यंत्रं चालू असताना ४५ च्या वर जाऊ देऊ नये. १,४०० चा पंखा लावलेल्या वर्गात काय होतं ते ठरलेलं आहे: सर येतात, पहिलं काम म्हणून त्याचं बटण बंद करतात, आणि पंखा उरतो कबुतरांसाठी.

हिशेब असा. बारा इंची ९०० आरपीएमचा पंखा मोकळ्या हवेत तासाला अकराशे-बाराशे घनमीटर काढतो. पुढे झडपा, मागे पक्ष्यांची जाळी आणि वर पावसाचं टोपरं आलं की त्यातले तीस-चाळीस टक्के जातात. म्हणजे दोन पंख्यांचे हाती लागतात साधारण १,४५०. आपल्या वर्गात आकडा ११५० ते १२०० वर थांबेल. पुरेसं आहे. त्याहून खाली हवा असेल तर पंधरा इंची दोन घ्या, पण मग आवाज आधी मोजून बघा.

आता चुका. एक्झॉस्ट हवा काढतो, आणत नाही. खिडक्या लावून तो सुरू केला तर हवा दाराच्या फटीतून, म्हणजे कॉरिडॉरमधून, येते. आणि कॉरिडॉरच्या टोकाला स्वच्छतागृह असेल तर तिथून. वर्गात एक्झॉस्ट लावल्यापासून वास येतो अशी तक्रार असेल तर कारण बहुतेक हेच. दोन पंख्यांच्या हवेला आत यायला सुमारे ०.४ चौरस मीटर मोकळी जागा लागते; जाळी असेल तर दुप्पट, म्हणजे ०.८. ही जागा समोरच्या भिंतीत, खाली, पंख्यांपासून जितकी लांब तितकी बरी. पंखा दारावरच बसवला आणि दार उघडं राहिलं तर हवा दारातून येऊन तिथूनच वर निघून जाते. मधल्या बाकांना तिचा पत्ताही लागत नाही. हे तपासायला उदबत्ती पुरते. ती पेटवून खिडकीपाशी, दारापाशी आणि मधल्या बाकावर धरा. धूर कुठून आत येतो आणि कुठे जातो ते दोन मिनिटांत कळतं.

दुसरी चूक दिशेची. मोटर रिवाइंड करून आणली की कधी कधी वायंडिंगची टोकं अदलाबदल होतात आणि पंखा उलटा फिरतो. फिरतोय म्हणून कुणाला शंका येत नाही. कागदाचा कपटा जाळीला लावा: चिकटला तर ठीक, उडाला तर वायरमनला परत बोलवा. तिसरी चूक झडपांची. प्लास्टिकच्या झडपा दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतात, धूळ आणि ओल मिळून त्या चिकटतात, पंखा बंद दारावर डोकं आपटत राहतो. ॲल्युमिनियमच्या घ्या आणि तीन महिन्यांनी पुसा.

छताचा पंखा

हवा बदलणं हे छताच्या पंख्याचं काम नाही. तो आहे ती हवा फिरवतो. पण बरं वाटण्यासाठी त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. अंगावर सेकंदाला ०.८ ते १ मीटर वारा असेल तर दोन-तीन अंश कमी वाटतात. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातून आलेल्या आणि ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत २०१७ मध्ये घेतलेल्या आयमॅक सूत्राप्रमाणे, खिडक्यांवर चालणाऱ्या इमारतीत सोयीचं तापमान म्हणजे बाहेरच्या गेल्या तीस दिवसांच्या सरासरीचे ०.५४ पट अधिक १२.८३. जानेवारीत सरासरी २१ असेल तर २४ अंश. मे महिन्यात विदर्भात सरासरी ३५ झाली तर जवळजवळ ३२. लोक आपल्या हवेला सरावलेले असतात. २२ अंशांचा हट्ट बाहेरून आलेला आहे.

आता बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा पंखा घ्यायचा की साधा? बीएलडीसी, यात वाद नाही. साधा ४८ इंची पंखा ७० ते ७५ वॅट खातो, बीएलडीसी २८ ते ३५. सहा पंखे, रोज आठ तास, वर्षाचे दोनशे दिवस: ४३० युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तर वर्गामागे चार हजारांच्या वर. स्टार लेबल जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, त्यामुळे हवा किती देतो तेही डब्यावर छापलेलं असतं. मिनिटाला २१० घनमीटरच्या खालचा नको. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ॲटमबर्गने हा प्रकार घराघरांत नेला. आता सगळ्याच कंपन्यांकडे तो आहे.

वर्गात मात्र त्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली रिमोटची. एका वर्गात सहा पंखे, रिमोट इन्फ्रारेडचा. एक दाबला की समोरचे तीन ऐकतात. आठवड्याभरात रिमोट गायब होतो आणि पंखे शेवटच्या वेगावर अडकतात. म्हणून भिंतीवरच्या नियंत्रकावर चालणारं मॉडेल मागा, किंवा स्विच बंद-चालू करून वेग बदलणारं. दुसरी अडचण जुन्या रेग्युलेटरची. बीएलडीसीच्या आधी रेग्युलेटर राहिला तर पंखा गुणगुणतो आणि काही दिवसांत त्याचं सर्किट जातं. रेग्युलेटर काढून थेट जोडणी द्यायची, आणि हे कामाच्या आदेशात लिहायचं. नाहीतर वायरमन तो जागेवरच ठेवतो.

जुने पंखे अजून धडधाकट असतील तर बदलण्याआधी कंडेन्सर बघा. २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर झिजून १.८ वर आला की पाच नंबरवरचा पंखा तीन नंबरसारखा फिरतो. वर्गातले निम्मे "बाद" पंखे या पन्नास-शंभर रुपयांच्या भागासाठी बाद ठरलेले असतात.

बसवताना पाती छतापासून फूटभर खाली आणि जमिनीपासून आठ फुटांच्या वर. ट्यूबलाइट पंख्याच्या वर असेल तर वहीवर सावल्या नाचतात. दिवे दोन पंख्यांच्या मध्ये आणि पात्यांच्या खालच्या पातळीला हवेत. आणि एक पंखा फळ्यापाशी. साठ जणांना वारा आणि शिकवणारा घामाघूम, ही मांडणी आपल्याकडे सर्रास दिसते.

विदर्भ-मराठवाड्यातला कूलर

नागपूर, अकोला, चंद्रपूर, जालना इथे मार्च ते मेसाठी आमचं मत कूलरला आहे, आणि तेही एसीला डावलून. बाहेर ४४ अंश असताना ओल्या बल्बचं (ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापीचं) तापमान २२ असेल आणि पॅडची कार्यक्षमता ८० टक्के असेल, तर आत येणारी हवा साडेसव्वीस अंशांची असते. शिवाय ती सगळी बाहेरची ताजी हवा. कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न आपोआप सुटतो. एवढं एकाच यंत्रात दुसरं कुणी देत नाही.

आपल्या वर्गाला मिळून तासाला सहा हजार घनमीटर हवा देणारे, म्हणजे अठरा इंची पंख्याचे दोन लोखंडी कूलर लागतात. ते खिडकीबाहेर बसवायचे. आत ठेवलेला कूलर तासाभरात खोलीचं कोंदट न्हाणीघर करतो. समोरच्या बाजूला पाऊण ते एक चौरस मीटर खिडकी उघडी हवी. ती बंद असेल तर हवा आत येतच नाही. पाणी तासाला चाळीस ते पन्नास लिटर उडतं. दोन मजले चढून बादल्या आणायच्या असतील तर हा बेत आठवड्यात मोडतो, म्हणून फ्लोट व्हॉल्व्हसकट नळजोडणी आधी करून घ्या.

लाकडी गवताच्या पॅडपेक्षा मधाच्या पोळ्यासारखं कागदी पॅड महाग, पण तीन-चार हंगाम टिकतं आणि एकसारखं भिजतं. बोअरचं जड पाणी असेल तर त्यावर पांढरा थर चढतो आणि हवेची वाट अरुंद होते. टाकीतलं पाणी रोज थोडं वाहू द्यावं, आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी ठेवावी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून उडायला त्याला आठ-दहा दिवस लागतात. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की कूलर झाकून ठेवा. त्यानंतर तो फक्त घाम वाढवतो. मुंबई-कोकणात तर तो घेऊच नये.

एसी, आणि त्याच्यासोबतचं न घेतलेलं युनिट

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. बाहेरच्या युनिटपासून आत येतो तो गॅसचा पाइप, हवेचा नव्हे. हे अनेक खरेदी समित्यांना ठाऊक नसतं, आणि विक्रेता आपणहून सांगत नाही. विंडो एसीत ताज्या हवेची एक छोटी झडप असते, पण साठ जणांना ती कुठेच पुरत नाही.

मुंबई, ठाणे, रत्नागिरीच्या दमट हवेत एसीची गरज आम्ही नाकारत नाही. पण गणित पूर्ण करा. साठ माणसांच्या अंगची उष्णताच सात किलोवॅट, म्हणजे दोन टन. त्यात छत, काच, प्रोजेक्टर. आणि ३३ अंशांची, ६५ टक्के आर्द्रतेची बाहेरची हवा मानकाप्रमाणे सेकंदाला २४८ लिटर आत घेऊन २५ अंशांवर आणायची तर आणखी २.७ टन. चार टनांच्या कोटेशनमध्ये हे २.७ टन नसतात. म्हणूनच खिडक्या बंद ठेवायला सांगतात.

इथे ईआरव्ही, म्हणजे वाया जाणारी ऊर्जा परत मिळवणारं ताज्या हवेचं युनिट, कामाला येतं. बाहेर जाणारी थंड हवा आणि आत येणारी गरम हवा एका कोअरच्या दोन बाजूंनी जातात, उष्णता आणि बाष्प दोन्ही बदलतात, हवा मात्र मिसळत नाही. साठ टक्के परतावा धरला तरी २.७ टनांतले १.६ वाचतात. मित्सुबिशीचं लॉस्ने आणि डायकिनची व्हीएएम मालिका हे दोन ओळखीचे पर्याय. व्हीएएममध्ये तासाला १,००० घनमीटरचं मॉडेल आपल्या वर्गाला मानकापुरतं बसतं. हजार पीपीएमच्या आत हवं असेल तर २,००० चं. डक्टसह खर्च लाखाच्या वर जातो, म्हणून वर्षाचे चार महिनेच एसी चालणार असेल तर आम्ही घेणार नाही. पुण्यात तर नाहीच. तिथे दोन एक्झॉस्ट तेच काम करतात.

घेतलं तर बिघडतं ते बहुधा असं. माहितीपत्रकावरचा हवेचा आकडा ठरावीक दाबाला असतो. ठेकेदार लवचीक डक्ट फॉल्स सीलिंगमध्ये कोंबून, मुरगळून नेतो आणि हवा निम्मी होते. हवा घेण्याचं आणि सोडण्याचं तोंड तीन मीटर तरी लांब हवं, नाहीतर सोडलेलीच हवा परत येते. घेण्याचं तोंड जनरेटर, पार्किंग किंवा कँटीनच्या धुराड्याकडे नको. फिल्टर दर दोन महिन्यांनी धुवायचे. कोअर कागदी असेल तर त्याला पाणी लावायचं नाही, फक्त व्हॅक्यूमचा मऊ ब्रश. आणि या सगळ्यासाठी छतात माणूस खांद्यापर्यंत आत जाईल एवढी झडप हवी. ती नकाशात नसेल तर फिल्टर कधीच निघणार नाही, हे धरून चाला. खडूची धूळ त्यात वर्षभरात गादीसारखी बसते.

एसी २६ वर ठेवून छताचे पंखे दोन नंबरवर चालवा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एका अंशामागे सहा टक्के वीज वाचते; २०२० पासून नवे एसी २४ वरच सुरू होतात ते त्यामुळेच. १८ वर लावला की झोताखालच्या रांगेत ओढण्या आणि जॅकेटं निघतात, आणि भिंतीकडचे तरीही वारा घालत बसतात.

उरलेलं थोडक्यात

एअर प्युरिफायर धूळ धरतो, कार्बन डायऑक्साइड नाही. शेजारी मेट्रोचं किंवा पुलाचं बांधकाम चालू असेल तर उपयोगाचा, पण खिडकीला पर्याय म्हणून विकला जात असेल तर घेऊ नका. छतावरचा गोल टर्बो व्हेंटिलेटर पत्र्याच्या वर्कशॉपला ठीक, स्लॅबखालच्या वर्गाला शोभेचा.

टेंडरमध्ये एक कलम घाला, म्हणजे बाकी सगळं जागेवर येईल. बिलाचे शेवटचे दहा टक्के चाचणीनंतर. चाचणी अशी: साठ विद्यार्थी बसलेले, दारं बंद, ठरलेली यंत्रं चालू, ४५ मिनिटं. मधल्या बाकावरचा एनडीआयआर मीटर १,२०० च्या आत, मागच्या बाकावर आवाज ४५ डेसिबलच्या आत. एकदा जुलैत, पाऊस चालू असताना. एकदा एप्रिलमध्ये, दुपारी दोनच्या तासाला. ठेकेदार जुलैच्या चाचणीला "खिडक्या उघडू द्या" म्हणाला तर त्याला विचारा, पावसाचं पाणी कुठल्या रांगेवर येईल.